पाच खुणा, दहा गुण : डॉ. व्हर्जिनिया ॲपगार

आपल्या मंडळातल्या ज्या घरांत गेल्या काही वर्षांत पाळणा हलला असेल, त्यांनी बाळाची दवाखान्यातली फाईल एकदा उघडून पाहावी. जन्मवेळ, वजन, रक्तगट यांच्या आसपास 'ॲपगार' असा शब्द आणि त्यापुढे दोन आकडे बहुधा सापडतील, ७/९ किंवा ८/९ असे काहीतरी. आजोबा मंडळी जन्मवेळ आणि वजन लगेच टिपून घेतात, एक पत्रिकेसाठी आणि दुसरे नातेवाइकांना फोनवर सांगण्यासाठी. या दोन आकड्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहिलेच तर ॲपगार हे एखाद्या यंत्राचे किंवा औषध कंपनीचे नाव असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते एका बाईंचे आडनाव आहे, आणि त्या बाईंची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या वेस्टफील्ड या गावी झाला. वडील चार्ल्स विमा व्यवसायात होते, पण जीव रमायचा तो घरच्या प्रयोगशाळेत. दुर्बिणीतून आकाश पाहणे आणि बिनतारी संदेश पकडणे हे त्यांचे नाद. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, लाँग आयलंडवरच्या जर्मन मालकीच्या केंद्रातून जाणारे संदेश त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून सरकारला दिले होते. घरात सगळ्यांना संगीताची आवड, त्यामुळे व्हर्जिनियाच्या हाती लहानपणीच व्हायोलिन आले. आजारपणही त्या घराला नवे नव्हते. एक भाऊ लहान वयातच क्षयाने गेला, दुसऱ्याला कातडीचा जुनाट विकार. मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले, त्याची मुळे कदाचित इथे असावीत.

माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकली. शिष्यवृत्ती पुरेना म्हणून मिळेल ते काम केले. त्यातले एक काम कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरे पकडून आणायचे होते. याशिवाय खेळांचे संघ, वाद्यवृंद, नाटक, कॉलेजच्या वर्तमानपत्राची बातमीदारी. एवढे सगळे चोवीस तासांत कसे बसवत असेल, कोण जाणे.

१९२९ साली पदवी घेऊन तिने न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. नव्वद जणांच्या वर्गात मुली नऊ. प्रवेशाला महिना-दीड महिना होतो न होतो तोच ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाचे लक्ष अशा ठिकाणी लगेच जाते. कर्ज काढून शिकायचे, तेही देशातल्या बँका धडाधड बंद पडत असताना, ही साधी हिंमत नव्हे. १९३३ साली ती वर्गात चौथी येऊन डॉक्टर झाली, तेव्हा डोक्यावर जवळजवळ चार हजार डॉलरचे कर्ज होते. त्या काळी ही रक्कम मोठीच.

तिला शल्यचिकित्सक व्हायचे होते आणि हात चांगला होता. कोलंबियातच तिची शल्यविभागात नेमणूक झाली. विभागप्रमुख ॲलन व्हिपल हे मोठे नाव. त्यांनीच तिला या वाटेवरून परत फिरवले. आपण शिकवलेल्या इतर स्त्रियांचा या क्षेत्रात जम बसला नाही, मंदीत तर पुरुष सर्जनांनाही रुग्ण मिळत नाहीत, हे त्यांनी तिला समजावले. मात्र त्यांनी नुसते दार बंद केले नाही, दुसरे दाखवलेही. शस्त्रक्रिया पुढे जायची तर भूल देण्याचे शास्त्र सुधारले पाहिजे आणि त्यासाठी हुशार डॉक्टर हवेत, असे त्यांचे मत होते. त्या वेळी अमेरिकेत भूल देण्याचे काम मुख्यतः परिचारिका करत. डॉक्टरने ते करावे म्हणजे पायरी उतरण्यासारखे मानले जाई. आज आपल्याला व्हिपल यांचा राग येतो. पण मंदीच्या काळात कर्जबाजारी मुलीला कोणी वडीलधाऱ्याने याहून वेगळे काय सांगितले असते, असेही वाटते.

तिने ते मानले. आधी आपल्याच रुग्णालयातल्या परिचारिकांकडून भूल द्यायला शिकली. मग १९३७ साली मॅडिसनला डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे सहा महिने आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉ. रोव्हेनस्टाइन यांच्याकडे. मॅडिसनला स्त्री डॉक्टरांसाठी राहण्याची सोयच नव्हती, म्हणून बिऱ्हाड पुन्हा पुन्हा हलवावे लागले. बेलव्ह्यूला तर मोलकरणींच्या खोल्यांत राहिली.

१९३८ साली कोलंबियाने तिला परत बोलावले आणि भूलविभागाची प्रमुख केले. इथून पुढे मी 'त्या' म्हणतो, मान मिळवला होता म्हणून. प्रमुखपद म्हटले तरी सुरुवातीला खात्यात डॉक्टर म्हणून त्या जवळजवळ एकट्याच. सर्जन भूलतज्ज्ञाला बरोबरीचा मानायला तयार नसत, पगार तुटपुंजा आणि शिकायला कोणी डॉक्टर येईना. महायुद्धात जे होते तेही सैन्यात गेले. तरी अकरा वर्षांत त्यांनी विभाग उभा केला. मग १९४९ साली त्याला पूर्ण खात्याचा दर्जा देण्याची वेळ आली, आणि प्रमुख म्हणून एक पुरुष डॉक्टर, इमॅन्युएल पॅपर, बाहेरून आणले गेले. ॲपगारबाईंना त्याच वर्षी प्राध्यापकपद मिळाले. त्या महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक होणारी ती पहिली स्त्री. पद मिळाले, खुर्ची गेली. नोकरी केलेल्या सभासदांना याचा अर्थ सांगायला नको.

पण या खुर्ची जाण्यातूनच पुढचे सगळे घडले. कारभाराच्या कटकटीतून सुटलेल्या बाई आता प्रसूतिगृहात जास्त वेळ घालवू लागल्या. बाळंतिणीला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय होता.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकेत अर्भकमृत्यू एकूण कमी होत चालले होते, पण जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण मात्र हलत नव्हते. प्रसूती झाली की सगळ्यांचे लक्ष आईकडे. बाळ रडले तर ठीक. निळे पडले, लुळे दिसले तर कोणी पाठीवर थापट्या मारी, कोणी पाय धरून उलटे करी. थोडा वेळ खटपट करून हे काही जगायचे नाही असे म्हणून बाजूला ठेवलेलीही मुले होती. बाळ किती वाईट अवस्थेत आहे, हे ठरवायला मोजमापच नव्हते. एका डॉक्टरचे 'बरे' ते दुसऱ्याचे 'बेताचे'. त्यामुळे कोणत्या उपायाने मूल वाचले, कोणत्या भुलीने ते मंदावले, हे ताडून पाहायचीही सोय नव्हती.

गोष्ट अशी सांगतात की १९४९ च्या सुमारास एके सकाळी रुग्णालयाच्या उपाहारगृहात नाश्ता चालू असताना एका विद्यार्थ्याने बाईंना विचारले, नवजात बाळाची तपासणी नेमकी कशी करायची? बाई म्हणाल्या, सोपे आहे, आणि टेबलावर पडलेल्या एका सूचनेच्या कार्डावर त्यांनी पाच मुद्दे खरडले. मग ते बरोबर आहेत का पाहायला तशाच तडक प्रसूतिगृहाकडे निघाल्या.

ते पाच मुद्दे असे. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चाळवल्यावर बाळ काय प्रतिसाद देते ते, आणि अंगाचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके नाहीतच तर शून्य, मिनिटाला शंभरच्या आत असतील तर एक, वर असतील तर दोन. श्वास नाही तर शून्य, मंद आणि अडखळत असेल तर एक, खणखणीत टाहो फोडला तर दोन. अंग लोळागोळा पडले असेल तर शून्य, हातपाय थोडे आखडले असतील तर एक, झाडत असेल तर दोन. नाकात नळीने चाळवले आणि काहीच झाले नाही तर शून्य, तोंड वेडेवाकडे केले तर एक, शिंकले, खोकले वा रडले तर दोन. सगळे अंग निळे किंवा पांढरे फटक तर शून्य, धड गुलाबी पण हातपाय निळसर तर एक, सगळे गुलाबी तर दोन. बेरीज दहापैकी. बाळ पूर्ण बाहेर आल्यावर बरोबर साठ सेकंदांनी हे गुण द्यायचे.

यात यंत्र नाही, रक्त तपासणे नाही. डोळे, कान, बोटे आणि घड्याळ, एवढेच. ज्या खोलीत वीजही नाही तिथली परिचारिकाही हे करू शकते. मला यातली सर्वांत मोठी करामत वाटते ती या साधेपणाची. मोजण्यासारख्या पन्नास गोष्टी असताना पाचच ठेवणे हे अनुभवाशिवाय जमत नाही.

१९५२ साली बाईंनी ही पद्धत भूलतज्ज्ञांच्या परिषदेत मांडली आणि १९५३ साली निबंध छापून आला. हजाराहून जास्त बाळांचे गुण त्यात होते. दोन किंवा त्याहून कमी गुण असलेल्या बाळांपैकी शंभरात चौदा दगावली होती. तीन ते सात गुणांच्या गटात शंभरामागे एकाच्या आसपास. आठ ते दहाच्या गटात हजारामागे एखादेच. एका मिनिटात केलेल्या बेरजेत एवढा फरक दिसावा, हे त्या वेळच्या डॉक्टरांना चकित करणारेच होते.

आम्ही बँकवाल्यांनी हे नंतर आमच्या परीने अनुभवले. रिझर्व्ह बँकेने १९८५ साली कर्जखात्यांसाठी आठ गटांची पद्धत आणली. तिचे नावच 'हेल्थ कोड'. त्याआधी एखादे खाते कसे आहे असे विचारले की मॅनेजरच्या स्वभावाप्रमाणे उत्तर येई. कोड आल्यावर निदान सगळ्या शाखा एका भाषेत बोलू लागल्या, आणि गट ठरला की पुढे काय करायचे तेही ठरू लागले. ॲपगारबाईंच्या गुणांनी नेमके हेच केले. आठ असेल तर पुसून, गुंडाळून आईजवळ द्या. पाच असेल तर प्राणवायू द्या, लक्ष ठेवा. दोन असेल तर सगळे सोडून या बाळामागे लागा. आणि ज्यांना कालपर्यंत मेलेले समजून बाजूला ठेवत होते, त्यांच्या अंगाशी हात लावून ठोके मोजणे आता भागच पडले. एखाद्याचे ठोके सापडत.

आणखी एक गोष्ट त्यांनी आग्रहाने सांगितली. ज्याने प्रसूती केली त्याने गुण देऊ नयेत. आपले काम चांगले झाले असे प्रत्येकालाच वाटते, म्हणून गुण तिऱ्हाइताने द्यावेत. कर्ज मंजूर करणाऱ्यानेच त्याची तपासणी करायची नाही, हा नियम आम्हाला शाखेत पहिल्या महिन्यात शिकवत, त्याचीच आठवण झाली.

पुढे डॉ. स्टॅन्ली जेम्स आणि डॉ. डंकन हॉलडे यांच्याबरोबर त्यांनी बाळांच्या रक्तातले प्राणवायूचे आणि आम्लाचे प्रमाण तपासून ते गुणांशी ताडून पाहिले. कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्ल जास्त, हे उघड झाले. जन्मताना थोडा प्राणवायू कमी पडतोच, त्यात काळजीचे काही नाही, हा जुना समज त्यामुळे मागे पडला. याच अभ्यासात सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू आईला दिला की बाळे मंदावतात हेही दिसले. हा बाईंचा आवडता वायू, वर्षानुवर्षे वापरलेला. आपला लाडका वायू आपल्याच आकड्यांनी हिरावून घेतला अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्यांनी प्रसूतीसाठी तो वापरणे सोडले. आकडे स्वतःच्या विरुद्ध गेल्यावर ते मानणारी माणसे मी तरी कमी पाहिली आहेत.

नंतर बारा रुग्णालयांतल्या सतरा हजारांहून जास्त बाळांचा अभ्यास झाला. एका मिनिटाच्या गुणांबरोबर पाच मिनिटांचे गुणही घेण्याची रीत पडली. फाईलमधले दोन आकडे ते हेच. पहिला बाळ कसे आले ते सांगतो, दुसरा उपाय लागू पडला का ते. १९६२ साली डॉ. जोसेफ बटरफील्ड यांनी बाईंच्या आडनावातली पाच इंग्रजी अक्षरे घेऊन पाच खुणांची आद्याक्षरे जुळवली, म्हणून विद्यार्थ्यांच्या डोक्यात ते कायमचे बसले. ही आद्याक्षरे आधी आणि नाव नंतर असा पुष्कळांचा समज असतो, तो उलटा आहे.

इथे आजी-आजोबांसाठी थोडे विषयांतर. पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा मिळवणारी बाळे फार थोडी, कारण हातापायांची बोटे निळसर असणे त्या वेळी अगदी साहजिक असते. तेव्हा आठ किंवा नऊ पाहून एक गुण कुठे गेला असे डॉक्टरांना विचारू नये. दुसरे म्हणजे या गुणांचा आणि बुद्धीचा संबंध जोडू नये. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना गुण कमीच मिळतात, आणि पहिल्या मिनिटाला तीन गुण असलेली असंख्य मुले पुढे धडधाकट वाढली आहेत. हे गुण त्या मिनिटाचे असतात. आता तर बाळ श्वास घेत नसेल तर डॉक्टर साठ सेकंदांचीही वाट पाहत नाहीत, लगेच कामाला लागतात. रंगाच्या खुणेवरही बरेच बोलले जाते, कारण सावळ्या बाळात गुलाबीपणा दिसणे अवघड. आपल्याकडे म्हणून ओठ आणि जीभ पाहतात.

पन्नाशीला पोचल्यावर बहुतेक लोक निवृत्तीचा हिशोब मांडू लागतात. बाईंनी १९५९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. इतकी बाळे पाहिल्यावर आकडेशास्त्र नीट शिकावे असे त्यांना वाटू लागले होते. त्याच वर्षी त्यांना 'मार्च ऑफ डाइम्स' या संस्थेने बोलावले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध काढलेली ही संस्था. डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे. लोकांनी एकेक डाइम पाठवावा आणि त्यातून संशोधन व्हावे, अशी कल्पना. आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीसारखे म्हणा ना. १९५५ साली साल्क यांची लस आल्यावर पोलिओ हटू लागला, तेव्हा संस्थेने जन्मजात व्यंगांचा प्रश्न हाती घेतला आणि त्या विभागाची धुरा बाईंकडे दिली.

त्या काळी व्यंग असलेले मूल घरात लपवून ठेवत, त्यासाठी आईला बोल लावत. ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच आहे असे समजायचे कारण नाही. बाई गावोगाव हिंडल्या, सभांत बोलल्या, देणग्या गोळा केल्या. बोलण्याचा वेग असा की लिहून घेणाऱ्याची तारांबळ उडे. १९६४-६५ साली अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गरोदरपणात आईला तो झाल्यामुळे सुमारे वीस हजार मुले आंधळेपण, बहिरेपण, हृदयदोष घेऊन जन्मली. लसीकरणाची बाजू बाईंनी हिरिरीने मांडली. १९६९ साली तिथे लस आली. आपल्या देशात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २०१७ साली सुरू झाली, तेव्हा शाळांतून पालकांना समजावताना काय कष्ट पडले ते आपल्यापैकी शिक्षक असलेल्यांना आठवत असेल.

लग्न त्यांनी केले नाही. आईबरोबर राहिल्या. स्वयंपाकाशी फारसे जमले नाही. बागकाम, मासेमारी, टपाल तिकिटांचा संग्रह, पन्नाशीनंतर विमान चालवायला शिकणे, हे मात्र जमले. पर्समध्ये श्वासनलिका मोकळी करायची साधने आणि छोटा चाकू असे. वाटेत कोणाचा श्वास अडला तर आपल्यासमोर तो मरता कामा नये, असा त्यांचा हिशोब होता.

आणि व्हायोलिन. प्रवासाला निघाल्या की ते बरोबर, जिथे उतरतील तिथल्या हौशी मंडळींबरोबर वाजवायच्या. कार्लीन हचिन्स नावाच्या विज्ञानशिक्षिका रुग्ण म्हणून भेटल्या. त्या वाद्ये घडवत. बाईंनी त्यांच्याकडून ती विद्या उचलली आणि स्वतः चार तंतुवाद्ये बनवली. १९५७ साली रुग्णालयाच्या टेलिफोन बूथमधली फळी हचिन्सबाईंच्या नजरेत भरली. उत्तम मेपलचे लाकूड, व्हायोलाच्या पाठीला अगदी साजेसे. रुग्णालय काही देईना. तेव्हा दोघींनी एका रात्री हत्यारे आणि तशाच रंगाची दुसरी फळी घेऊन बूथ गाठला. गणवेशातल्या प्राध्यापकबाई बाहेर पहाऱ्यावर, हचिन्सबाई आत. नवी फळी पाव इंच लांब निघाली. ती कापायला बायकांच्या स्वच्छतागृहात जावे लागले. आतून करवतीचा आवाज ऐकून एक परिचारिका थबकली, तर बाईंनी गंभीर चेहऱ्याने सांगितले की दुरुस्तीची कामे इथे रात्रीच करावी लागतात.

ॲपगारबाई ७ ऑगस्ट १९७४ रोजी पासष्टाव्या वर्षी यकृताच्या विकाराने गेल्या, त्यांच्याच जुन्या रुग्णालयात. त्याच वर्षी ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांची शुद्ध मोजण्यासाठी गुणांची पद्धत प्रसिद्ध केली. १९८१ साली अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी 'अपाची' आली. आज आयसीयूबाहेर बसल्यावर स्कोअर किती असे डॉक्टर एकमेकांशी बोलताना ऐकू येते, ते याच घराण्यातले आकडे.

२४ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे वीस सेंटचे तिकीट काढले. तिकिटे जमवणाऱ्या बाईंना ते नक्की आवडले असते. डल्लासला बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात तिकिटाचे प्रकाशन झाले, त्या वेळी चार डॉक्टरांनी बाईंनी घडवलेल्या चार वाद्यांवर त्यांच्या आवडीचे संगीत वाजवले. टेलिफोन बूथमधल्या फळीचा व्हायोलाही त्यांत होता.